अक्काच्या गाडीतला पंप

आमचे घरमालक नाना भाडेकरू ठेवताना पगार किती, लग्न झालंय का, असलं काही विचारत नसत. ते वजन विचारत. पहिल्या भेटीत त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, दंड चाचपून पाहिला आणि म्हणाले, "जरा हलके पडता भो तुम्ही. पण चालंल. आमच्याकडं भरीत खाल, भराल."

मी नुकताच जळगावला पाटबंधारे खात्यात लागलो होतो आणि खोली मिळता मिळत नव्हती. मेहरूणच्या अंगाला त्यांचं घर होतं, मागे एक खोली रिकामी होती, भाडंही बेताचं. वजनाचं कोडं रविवारी उलगडलं. नानांकडे एक जुनी पांढरी डिझेल गाडी होती, सरकारी साहेबांना असायची तसली. नाना अंगानं चांगलेच आडवे. वर्षानुवर्षं ते एका बाजूला बसल्यामुळं गाडीच्या उजव्या बाजूच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. बाजारात नव्या मिळत नव्हत्या असं नाही, पण त्या डुप्लिकेट. नानांना ओरिजिनल हव्या होत्या. त्या मिळेपर्यंत दर रविवारी गाडी नशिराबादपर्यंत फिरवून आणायची आणि भाडेकरूनं मागं डावीकडं बसून तोल सांभाळायचा, असा त्या घरचा नियम होता. माझ्या आधीचा भाडेकरू म्हणे ऐंशी किलोचा होता. त्याची बदली झाली तेव्हा नाना आठवडाभर हळहळत होते.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. नानांची केळीची बाग फैजपूरकडं, मुलं पुण्याला, आणि जळगावच्या घरात नाना, नानी आणि ती गाडी. नानांना आयुष्यात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, तो म्हणजे नकली वस्तूचा. जुनी चालेल, मोडकी चालेल, बंद पडलेलीही चालेल, पण ओरिजिनल पाहिजे. हातातलं घड्याळ कधीच बंद पडलं होतं. कुणी वेळ विचारली की ते त्यात पाहत आणि मग सूर्याकडं पाहून वेळ सांगत. "अहो, मग टाकून द्या ना ते," मी एकदा म्हटलं. "टाकून द्या? मशीन ओरिजिनल आहे भो त्याचं!" तोंडात चार-दोन दात उरले होते, पण कवळीचं नाव काढलं की अंगावर येत. भरताची वांगीसुद्धा ते बोटानं वाजवून घेत. वांगं कसं नकली असेल, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गाडीचा हॉर्न गेला होता. ओरिजिनल मिळत नव्हता, म्हणून नाना खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत. "ओ भाऊ! ओ बैलगाडीवाले! सरका ना भो!" नशिराबादच्या रस्त्यावर सगळे त्यांना ओळखत. म्हशीसुद्धा त्यांच्या आवाजाला बाजूला होत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नानी पुढं बसलेली असायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "या घरात तेवढी मीच ओरिजिनल," ती मला म्हणायची, "पण माझ्याकडं बघायला यांना सवड कुठाय!"

आता तुम्ही म्हणाल, असे छांदिष्ट लोक गावोगाव असतात. असतात. पण नानांच्या या छंदानं एक घर तुटलं होतं, आणि ते मला नानीकडून कळलं, एका आखाजीला.

खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. तुमच्याकडं अक्षय्य तृतीया म्हणतात ती. सासरी गेलेल्या बाया त्या दिवशी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी न येता बाई आपली आपण एस.टी.त बसून आली, तर शेजारीपाजारी काय म्हणतील! नानांची मोठी बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली. आईवडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे नानाच. अक्काचं वय झालं तरी दर आखाजीला नाना गाडी घेऊन जात आणि तिला घेऊन येत.

मग अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नात मुलीच्या मागं मामा उभा राहतो, हे काही मी सांगायला नको. नाना मामा. नवं धोतर, फेटा, भाचीसाठी पैठणी, सगळं घेऊन नाना-नानी पहाटे गाडीनं निघाले. वाटेत पारोळ्याला गाडीचा पट्टा तुटला. फॅनबेल्ट हो, दुसरं काही नाही! समोरच्याच दुकानात तसले पट्टे टांगलेले होते. पाच-दहा मिनिटांचं काम. नानांनी पट्टा हातात घेतला, ओढून पाहिला, वास घेतला आणि परत दिला. "डुप्लिकेट आहे." घरी त्यांच्या कपाटात ओरिजिनल पट्टा होता. त्यांनी नानीला येणाऱ्या एस.टी.त बसवून धुळ्याला पाठवलं, एका ओळखीच्या ट्रकवाल्याजवळ घराची किल्ली देऊन जळगावला नेहमीच्या गॅरेजवाल्या चाचा मिस्त्रीला निरोप धाडला आणि स्वतः गाडीच्या सावलीत बसून राहिले. गाडी सोडून बसनं जा म्हणून नानीनं परोपरीनं सांगितलं. "येतो ना, वेळ आहे अजून," नाना म्हणाले.

हातात होतं बंद घड्याळ! पट्टा आला, बसवला, नाना धुळ्याला पोचले तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. मुहूर्तावर शेजारचे एक गृहस्थ मामा म्हणून उभे राहिले होते. तिथवरही एकवेळ निभावलं असतं. पण नाना गाडीतून उतरले ते हसत, आणि अक्काला म्हणाले काय, तर "उशीर झाला खरा, पण पट्टा ओरिजिनलच टाकला!"

अक्का आत निघून गेली. पुढच्या आखाजीला नानांनी निरोप पाठवला तर उत्तर आलं, जमणार नाही. त्याच्या पुढच्याही तसंच. "यांना जिवाला लागलंय हो," नानी सांगत होती. "जेवताना आखाजीची गोड सांजोरी पुढं ठेवली की उठून जातात. पण जाऊन माझं चुकलं म्हणतील तर शपथ!"

मला तेव्हा नानांचा राग आला होता, खरं सांगतो. पण पुढच्या वर्षी चैत्र निम्मा सरला तसे ते माझ्या खोलीच्या दारात घोटाळायला लागले. "यंदा निरोप नाही पाठवत. जाऊनच धडकतो," एकदाचं ते म्हणाले. "त्याच गाडीनं जातो. ज्या गाडीनं घोळ केला, तिनंच तिला घेऊन येतो. तुम्ही येता ना? डावीकडं बसायला?" हो म्हणालो मी. माणसाला एवढं कशानं बदलावंसं वाटलं कुणास ठाऊक, पण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना.

आणि लगेच गाडीचा डिझेल पंप गेला.

सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती खोकायची. चालू झालीच तर पांढरा धूर काढून बंद पडायची. चाचा मिस्त्रीनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, नट सैल करून डिझेल येतं का पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "नाना, पंप खतम. आतून पुरा घासलाय. नवीन टाका, बाजारात आहे."

"ओरिजिनल?"

"ओरिजिनल आता कुठून आणू? कंपनीनं बंद केला ना तो. डुप्लिकेट आहे, चांगला चालतो."

"मग जुना ओरिजिनल बघ. दुसऱ्या गाडीचा उतरवलेला."

चाचानं जळगाव-भुसावळ पालथं घातलं. मिळाला नाही. आखाजी जवळ यायला लागली. शेवटी नाना मला घेऊन एस.टी.नं धुळ्याच्या भंगार बाजारात गेले. मे महिन्याचं ऊन, पत्र्यांचे ढीग, हात लावू तिथं चटका. नाना प्रत्येक दुकानात तेच वर्णन सांगत होते. एका म्हाताऱ्या दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भंगारात नाही मिळायचा तुम्हाला. पण धुळ्यात अशी एक गाडी अजून उभी आहे, चालू हालतीत. मालकाला डोळ्यांनी दिसत नाही आता, चालवत नाहीत. पण रविवारी स्टार्ट करतात." आणि त्यानं पत्ता सांगितला.

नानांचा चेहरा उतरला. पत्ता अक्काच्या घराचा होता. नानांनी आणि त्यांच्या मेव्हण्यांनी, म्हणजे दाजींनी, एकाच वेळी एकसारख्या गाड्या घेतल्या होत्या म्हणे. दाजींनी ती कधीच विकली असेल, अशी नानांची समजूत होती. आली का पंचाईत! बहिणीला न्यायला गाडी पाहिजे, गाडीला पंप पाहिजे, आणि पंप बहिणीच्याच अंगणात.

"जाऊ या की मग," मी म्हणालो. "पंपाचं राहू द्या. अक्कांना न्यायला आलोय म्हणून सांगा, आणि एस.टी.नं घेऊन चला."

"एस.टी.नं? मुऱ्हाळी म्हणून जायचं आणि बहिणीला धक्के खात आणायचं?" नाना माझ्यावरच डाफरले.

अक्कांच्या घरी पोचलो तर दाजी ओट्यावर बसले होते. आवाजावरून त्यांनी नानांना ओळखलं आणि केवढा आनंद त्या माणसाला! "अहो, नाना आले! ऐकलं का, नाना आले!" आतून अक्का आल्या. ठेंगण्या, काटक, कपाळाला ठसठशीत कुंकू. एवढी वर्षं धुळ्यात काढल्यामुळं रागावल्या की अस्सल अहिराणी बोलत, एरवी आपलं साधं मराठी. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. अंगणात पत्र्याखाली ती गाडी उभी होती, नानांच्या गाडीसारखीच, कापडाखाली झाकलेली.

आता बोला ना! मी मनातल्या मनात नानांना ढोसत होतो. न्यायला आलोय, एवढं म्हणा. पण त्या माणसाला यंत्राचं बोलता यायचं, मनातलं नाही. त्यांनी दोनदा खाकरलं आणि म्हणाले, "दाजी, ते… तुमच्या गाडीचा पंप कसा काय आहे?"

मी डोळे मिटून घेतले.

दाजी बिचारे भाबडे. "अहो, उत्तम! पाहिजे का? घेऊन जा की, मला आता काय करायचाय?"

"हात नाही लावायचा!" अक्का कडाडल्या. मग नानांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ उना का गिऱ्हाईक उनं? पंप लेवाले उना, बहीणले लेवाले नही!" पंप न्यायला आला, बहिणीला न्यायला नाही, असं त्यांचं म्हणणं.

"तसं नाही अक्का, पंप बसला की मग…"

"तुले नकली चालत नही ना रे?" अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "मन्ही पोरना लगीनमा माले नकली मामा उभा करना पडना."

असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. नाना जागच्या जागी बसून राहिले. दाजी नुसतेच आवाजाच्या दिशेनं मान वळवत होते. मलाही तोंड वर करायची चोरी झाली. थोड्या वेळानं नाना उठले, दाजींच्या पाया पडले आणि आम्ही रिकाम्या हातानं स्टँडवर आलो.

एस.टी.त नाना खिडकीला डोकं टेकून बसले होते. एरंडोल गेल्यावर म्हणाले, "शेजारचा माणूस उभा केला हो तिनं. सख्खा मामा असून." मला वाटलं, संपलं आता, ही बहीण-भावंडं काही या जन्मात बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाच्या गॅरेजमधून मला बोलावणं आलं. चाचा गोंधळून उभा होता. "साब, जरा नानांना समजवा. तबियत बरी नाही वाटतं त्यांची. डुप्लिकेट बसव म्हणतात."

नाना बाकावर बसले होते. "मी शुद्धीत आहे," ते म्हणाले. "बसव."

"नाना, नंतर मला बोलू नका हां."

"बसव म्हटलं ना भो!"

तो चकचकीत नवा पंप खोक्यातून निघाला तेव्हा नानांनी मान दुसरीकडं वळवली. खरं सांगतो, डॉक्टरनं सुई टोचताना मी असंच करतो. पंप बसला, गाडी सुरू झाली, पण काय तो आवाज! सगळं इंजिन ठणाठणा आपटत होतं आणि मागं काळ्या धुराचा लोट. चाचा म्हणाला, सेटिंग करावं लागेल, आठवडाभर तरी ठेवा. पण आखाजी तोंडावर आलेली. नाना म्हणाले, चालते ना? बास.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, मी मागं डावीकडं. चढ आला की गाडी रडायची. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते आणि वळून वळून बघत होते. नाना आज कुणावर ओरडत नव्हते. एवढा ठणठणाट लांबूनच ऐकू येत असताना ओरडायची गरज काय? पारोळ्याला त्या दुकानासमोरून जाताना त्यांनी मान खाली घातली, आणि गाडी खड्ड्यात गेली.

धुळ्याला गल्लीत वळलो तेव्हा घराघरातून लोक बाहेर आले. काय फुटलं म्हणून बघायला! अक्कासुद्धा ओट्यावर आल्या. नानांनी गाडी थांबवली, तरी ती बराच वेळ थरथरत होती. मग ते उतरले. फेटा बांधला होता त्यांनी, पण धुरानं पार काळवंडला होता.

अक्का गाडीकडं बघत होत्या. "हा कसला आवाज?"

"पंपाचा."

"कुठला पंप?"

"नवा आहे." नाना घुटमळले. "डुप्लिकेट."

नानांनी घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "अक्का, तुला न्यायला आलोय. चल घरी."

अक्का आत गेल्या. आता दार लावतात की काय! पण लगेच बाहेर आल्या त्या लुगडंसुद्धा न बदलता, हातात पिशवी आणि काखेत एक गाठोडं. दाजींना शेजारच्या बाईवर सोपवून, मला पुढं बसायला सांगून त्या मागं माझ्या जागेवर जाऊन बसल्या. गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं. मी म्हटलं, द्या, डिकीत ठेवतो. "नको," म्हणाल्या. मला वाटलं कुरडया असतील, मोडतील म्हणून जपतायत.

परतीच्या वाटेवर गाडीचा तोच ठणठणाट. शेजारी बोललेलंही ऐकू येत नव्हतं. पारोळ्याला अक्कांनी बाहेर पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "इथंच ना?"

"हाव," नाना म्हणाले. "इथंच." आणि मग समोर रस्त्याकडं बघत, तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "माझं चुकलं, अक्का." आरशात मला दिसलं, त्या पदरानं डोळे पुसत होत्या. नंतर नानांनीही पुसले, फेट्याच्या शेवानं.

जळगावला दारात नानी भाकरतुकडा घेऊन उभी होती, आणि गाडी वाटेत कुठं पडते की काय म्हणून चाचा मिस्त्रीही. ओवाळून झालं. अक्का उतरल्या आणि ते गाठोडं त्यांनी चाचाच्या हातात दिलं. "मिस्त्री, तो ठणठण्या काढा आणि हा बसवा."

चाचानं गाठ सोडली. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेला डिझेल पंप! ओरिजिनल. दाजींच्या गाडीचा. नाना बघतच राहिले.

"हा कधी काढला?"

"तुम्ही स्टँडवर पोचला नसाल, तेव्हाच आमच्याकडच्या मिस्त्रीला बोलावलं आणि काढून ठेवला."

"मग पाठवायचा ना लगेच! एवढी फजिती…"

"पाठवला असता तर तू आलाच असतास रे," अक्का म्हणाल्या. "पण पंपामुळं आलास का माझ्यामुळं, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं."

नाना पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. नानी रडली. मी चाचाला उगाचच पाना शोधून देऊ लागलो.

जेवणं झाली. दिवसभराच्या ठणठणाटानं अक्कांचं डोकं चढलं होतं, त्या मधल्या खोलीत आडव्या झाल्या. अंगणात चाचानं डुप्लिकेट पंप उतरवला, दाजींचा बसवला, पाइप सैल करून आतली हवा काढली आणि दिवस मावळता मावळता सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात लागली. काय आवाज होता! शांत, गोल, एकसारखा. ना ठणठण, ना धूर. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मीसुद्धा ऐकत उभा राहिलो. हा आवाज ऐकायला आता नाना धावत येणार, बॉनेटला कान लावणार, म्हणून चाचानं हसत हाक मारली, "नाना! ऐका, ऐका! ओरिजिनल!"

नाना धावत आले खरे. अनवाणी, हातात वारा घालायचा पंखा. गाडीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बंद कर, बंद कर ते!" ते चाचावर दबक्या आवाजात खेकसले. "आत्ता कुठं डोळा लागलाय अक्काचा."